मदत हवी आहे: फोर्ट आणि दलाल स्ट्रीटची पायी सहल – मराठीतून आणि सावकाश

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहिते, कारण अडचण नुसत्या पत्त्याची नाही.

बाबा ७४ वर्षांचे आहेत. १९७४ पासून वीसेक वर्षं ते दलाल स्ट्रीटवर एका दलालाच्या पेढीत कारकून होते. मग गावी सांगलीला आले ते आलेच. गुडघ्यांनी त्रास द्यायला लागल्यापासून एकच धोशा आहे, 'एकदा फोर्टात फिरून येऊ'.

मागच्या हिवाळ्यात मी हौसेनं एका ग्रुप वॉकचं बुकिंग केलं. पंचवीस माणसं, कमरेला स्पीकर लावलेला गाइड आणि सगळं इंग्रजीतून. वेग असा की आम्ही पोचेपर्यंत गोष्ट संपलेली आणि मंडळी पुढच्या कोपऱ्यावर. एका झाडाखाली गाइडनं '१८७५ साली शेअर बाजार इथे सुरू झाला' असं सांगितलं. बाबा माझ्या कानात पुटपुटले, 'झाडं त्याच्याही आधीची.' पुढे ते हॉर्निमन सर्कलच्या बागेच्या कठड्याला टेकून उभेच राहिले. म्हणाले, 'तू जा, मी इथे आहे.' मी अर्थातच गेले नाही. पैसे गेले ते गेलेच, पण बाबांचा चेहरा उतरला होता ते जास्त लागलं.

आता परत जायचं आहे. मराठीतून सांगणारं कुणी मिळेल का? रविवारी जावं की कामाच्या दिवशी? स्टॉक एक्स्चेंजच्या इमारतीत आत सोडतात का? बसायला जागा आणि बरं स्वच्छतागृह कुठे मिळेल? आणि दोन तासांत नेमकं काय बघावं? सगळं बघण्याचा अट्टाहास नाही.

बोराबाजार

आधी दिवसाचं. सगळे तुम्हाला रविवार सांगतील, कारण रस्ते मोकळे असतात आणि फोटो छान येतात. पण तुमच्या बाबांना रिकाम्या रस्त्यांचं काय करायचंय? रविवारी दलाल स्ट्रीट म्हणजे ओढलेली शटरं आणि झोपलेली कुत्री. त्यांनी ती गल्ली माणसांनी भरलेली पाहिली आहे. कामाच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास या. चाकरमान्यांचा लोंढा ओसरलेला असतो आणि जेवणाची गर्दी सुरू व्हायची असते.

आत जायचं म्हणाल तर आशा धरू नका. १२ मार्च १९९३ ला तळघरात स्फोट झाला तेव्हापासून बंदोबस्त कडक आहे, ओळखपत्राशिवाय फाटकातून सोडत नाहीत. बाहेरून जीजीभॉय टॉवर आणि २००८ साली बसवलेला ब्राँझचा बैल बघायचा. फोटो काढायच्या आधी सुरक्षारक्षकाला विचारलेलं बरं. तसंही आत बघण्यासारखं काही उरलेलं नाही. मार्च १९९५ मध्ये 'बोल्ट' ही संगणकावरून सौदे करायची यंत्रणा आली आणि रिंगमधला, म्हणजे सौद्यांच्या दालनातला, आरडाओरडा स्क्रीनवर गेला.

पायपीट

झाडांच्या बाबतीत काका बरोबर आहेत. १८५० च्या दशकात टाउन हॉलसमोरच्या वडांखाली मूठभर दलाल जमायचे. पुढे संख्या वाढली तशी जागा बदलत गेली, १८७४ च्या सुमारास मंडळी आजच्या दलाल स्ट्रीटवर आली आणि १८७५ मध्ये 'नेटिव्ह शेअर अँड स्टॉक ब्रोकर्स असोसिएशन' रीतसर स्थापन झाली. म्हणजे १८७५ हे साल संस्थेचं, धंदा त्याआधीचा.

गुडघ्यांचा विचार करून सांगतो, सुरुवात हॉर्निमन सर्कलच्या बागेतून करा. बाकं आहेत, सावली आहे आणि निम्मा इतिहास बसल्या जागेवरून दिसतो. हे सगळं पूर्वी बॉम्बे ग्रीन नावाचं मोकळं मैदान होतं आणि तिथे कापसाच्या गाठी रचलेल्या असायच्या. कापसाचा हा बाजार, म्हणजे 'कॉटन ग्रीन', १८४४ मध्ये कुलाब्याला हलला आणि पुढे शिवडीकडे गेला. हार्बर लाइनवरच्या कॉटन ग्रीन स्टेशनचं नाव त्यातूनच आलंय. रोज त्या स्टेशनवर उतरणाऱ्यांनाही बहुधा याचा पत्ता नसतो.

मैदानाचं वर्तुळ झालं १८६० च्या दशकात. कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेटची, आणि काम पुरं झालं १८७२ ला. मधली गोष्ट काकांना नक्की आवडेल. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस मँचेस्टरला जाईना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर बँका आणि समुद्र बुजवायच्या कंपन्या पावसाळी छत्र्यांसारख्या उगवल्या. बॅक बे कंपनीचा पाच हजार भरलेला शेअर पन्नास हजारांपर्यंत गेला. १८६५ मध्ये युद्ध संपलं. वायद्यांच्या वलणाची, म्हणजे हिशेब चुकता करायची, तारीख होती १ जुलै १८६५. त्या दिवशी देणेकऱ्यांची रांग लागली आणि पैसे मात्र कुणाकडेच नव्हते. कापूस आणि शेअरचे बडे दलाल प्रेमचंद रायचंद बुडाले, बॉम्बे बँकही पुढे दोन-तीन वर्षांत गुंडाळावी लागली. आईच्या नावाच्या राजाबाई टॉवरसाठी प्रेमचंदांनी दिलेले दोन लाख तेवढे शाबूत राहिले, टॉवर १८७८ ला पुरा झाला.

बागेतून टाउन हॉल (१८३३) समोर दिसतो. तीस पायऱ्या आहेत, काकांना चढवू नका. बागेभोवतीच्या इमारतींखालून कमानींच्या सावलीत अर्धी फेरी मारा. कमानींच्या मधल्या दगडांवर दाढीवाले चेहरे कोरलेत, ते मान वर केल्याशिवाय दिसत नाहीत. लाल रंगाची इमारत मुंबई समाचारची, १८२२ पासून चालू असलेलं वर्तमानपत्र.

कृष्णाकाठची

पायपीट, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. 'वलण' शब्द आला तेव्हा थांबवून पुन्हा वाचायला लावला. म्हणाले, 'आमच्याकडेही वलणच म्हणायचे. वलणाच्या आदल्या रात्री घरी कोण जायचं?' मग तासभर ऐकवत बसले. त्यांचं काम म्हणजे आलेले शेअर सर्टिफिकेट आणि ट्रान्सफर फॉर्म तपासणं. सही जुळली नाही, शिक्का पुसट असला की 'बॅड डिलिव्हरी' म्हणून परत. त्यांच्या उजव्या अंगठ्याच्या कडेला अजून एक गुळगुळीत घट्टा आहे. मला लहानपणापासून वाटायचं तो पेन धरून पडलाय. काल म्हणाले, 'पेन नाही गं, कागद उलटून.' वीस वर्षं गठ्ठेच्या गठ्ठे उलटलेत त्यांनी.

सौदावही

मी स्वतः १९८१ ते ९७ तिथे होतो, वेगळ्या पेढीत. डीमॅट आलं, म्हणजे शेअर कागदाऐवजी संगणकावर गेले, आणि आमचा विभागच बंद झाला.

ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही चुकीचा माणूस शोधताय. दलाल स्ट्रीटसाठी गाइड घेऊच नका. कापूस, टाउन हॉल, चर्च, टाकसाळ हे जुनं सांगायला जाणकार माणूस घ्या, तो तास त्याचा. दलाल स्ट्रीटच्या तोंडाशी आलात की त्याला नमस्कार करून मोकळं करा. पुढचा अर्धा तास वडिलांना बोलू द्या. कुठल्या जिन्यावर सब-ब्रोकर बसायचे, बदल्याचे (सौदा पुढच्या वलणावर ढकलण्याचे) दर कुठून कळायचे, हे पंचविशीतल्या पोरानं पाठ करून सांगण्यात काय मजा? आणि तुम्ही फोनवर रेकॉर्ड करा. मी माझ्या भावाचं केलं नाही. आता तो नाही.

बोराबाजार

+१. याहून चांगला सल्ला मिळणार नाही.

पी_एम_रोड

व्यवहाराचं थोडं मी लिहिते, कारण बाकीचे भावुक झालेत 🙂

गाइड: खाकी टूर्स वगैरे मंडळी फोर्टात वॉक घेतात. ग्रुपमध्ये इंग्रजीच चालतं असं धरून चला. फक्त तुमच्यासाठी, मराठीतून, असं आधी विचारा. विचारताना पहिल्याच वाक्यात गुडघे सांगा, थांबे किती आणि बसायला कुठे हे लिहून मागा. 'हो हो, होईल' एवढंच म्हणणाऱ्याला टाळा.

येणं: मेट्रो ३ चं हुतात्मा चौक स्टेशन आता चालू आहे. लिफ्ट आहे, सीएसएमटीच्या गर्दीतून यायची गरज नाही. चौकातून हॉर्निमन सर्कल अगदी जवळ.

स्वच्छतागृह: रस्त्यावरच्यावर विसंबू नका. सर पी. एम. रोडवर रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं संग्रहालय आहे, २००४ पासूनचं. सोमवारी आणि बँकेच्या सुटीला बंद. आत गारवा आणि निवांतपणा आहे, कौड्यांपासून नोटांपर्यंत सगळं मांडलंय. तुमचा मधला थांबा तिथे ठेवा.

त्याच रस्त्यावर लक्ष्मी इन्शुरन्सची इमारत आहे, माथ्यावर लक्ष्मीची मूर्ती. विमा कंपनीनं याहून सरळ जाहिरात काय करावी? जवळच न्यू इंडिया अ‍ॅशुरन्सच्या इमारतीवर (१९३६) ना. ग. पानसरे यांची शिल्पं आहेत, शिवाजी पार्कवरचा अश्वारूढ पुतळा करणारे तेच पानसरे. ही दोन्ही रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून बघा, अगदी खाली उभं राहिलं तर काही दिसत नाही.

सेंट थॉमस चर्च (१७१८) जरूर बघा. आत बसता येतं. चर्चगेट हे नाव याच चर्चकडे येणाऱ्या दरवाज्यावरून पडलं.

जेवायला बॅलार्ड इस्टेटमध्ये ब्रिटानिया, बेरी पुलावासाठी. फक्त दुपारी चालू असतं, आधी फोन करा. तिथवर टॅक्सीनं जा, चालत नाही.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं असं: मंगळवार, सकाळी दहा, बागेत सुरुवात. चर्चपर्यंत गाइड. मग संग्रहालयात टेकायचं. दलाल स्ट्रीट बाबांचा.

सौदावही काका, बाबांनी निरोप दिलाय. बैलाजवळ साधारण बाराला पोचू. तुम्ही मुंबईत असाल तर याल का? ते विचारतायत, तुमची पेढी कुठल्या मजल्यावर होती, आणि खालचा चहावाला उधारी वहीत लिहायचा की भिंतीवर?

सौदावही

तिसऱ्या मजल्यावर. भिंतीवर, खडूनं. येतो.