खेड्यात सीएनजी गाडी घ्यायची घाई करू नका (पटत नसेल तर बोला)

संत्रा_मंडी (मोर्शी तालुका)
मागच्या अंबिया बहारात (संत्र्याच्या हंगामात) सीएनजीची पिकअप घेतली. शोरूममध्ये कागदावर हिशोब एकदम गोड होता. आता माझा हिशोब ऐका. गावापासून पंप 38 किलोमीटर. मंडीचे दिवस सोडले तर तिकडे माझं दुसरं काम नसतं, निव्वळ गॅससाठी जावं लागतं. टाकी 12 किलोची. परवा सव्वा तास रांगेत उभा राहिलो, गॅस बसला 7 किलो. का, तर "प्रेशर नाही." किलोला 17 किलोमीटर धरा, जाण्यायेण्यातच साडेचार किलो गेला. म्हणजे अडीच किलो गॅससाठी अर्धा दिवस मोडला, घरी ढोरं तहानलेली राहिली ते वेगळंच.
माझं मत: हे शहराचं इंधन आहे. तालुक्याला पंप येत नाही तोवर खेड्यातल्या माणसाला याचा नाद लावू नये.

पाना_बारा_तेरा
भाऊ, सातच किलो का बसला ते सांगतो. तो डॉटर पंप असणार. त्याला पाइपलाइन नसते, पाइपलाइनवरच्या मोठ्या पंपावरून, म्हणजे मदर स्टेशनवरून, ट्रकवर मोठ्या सिलिंडरांची कॅस्केड येते. तुमची टाकी 200 बार दाबाला पूर्ण भरते. कॅस्केड ताजी असली की गॅस स्वतःच्या जोरानं टाकीत उतरतो. पाचपंचवीस गाड्या भरल्या की कॅस्केडचाच जोर संपतो, मग बूस्टर, म्हणजे दाब वाढवणारं मशीन, मरतुकडा असेल तर काटा 120-130 वर अडतो. नोझलवाल्या पोराशी भांडून काही होत नाही. त्याचा नंबर घेऊन ठेवा, नवीन कॅस्केड लागली की निघा.
टाकीची दर तीन वर्षांनी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची तपासणी) असते, तीही गावात होत नाही. एवढं असूनही मी गॅसच्याच बाजूचा. इंजिन खोललं की समजतं, डिझेलसारखं काजळ नसतं.

वर्धेची_मास्तरीण
दादा, त्रास खरा आहे, पण निष्कर्ष उलटा काढलात. आधी पंप की आधी गाड्या, हे भांडण दिल्लीतही झालं. सुप्रीम कोर्टानं 1998 मध्ये तिथल्या सगळ्या बस सीएनजीवर न्यायला सांगितल्या. 2001 ची मुदत हुकली, पंपांवर रिक्षांच्या लांबच लांब रांगा लागल्या, लोकांनी शिव्या घातल्या. तरी 2002 संपता संपता डिझेलच्या सिटी बस रस्त्यावरून गेल्या. रांग दिसली म्हणून पंप वाढले. तुम्ही सगळे डिझेलवरच बसून राहिलात तर मोर्शीत पंप टाकायला येणार कोण?

संत्रा_मंडी
ताई, दिल्लीकडे हजिऱ्याहून आलेली मोठी गॅसलाइन आधीपासून होती आणि पाठीवर कोर्टाचा दंडुका होता. आमच्या पाठीवर फक्त बँकेचा हप्ता आहे.

वर्धेची_मास्तरीण
समृद्धीला लागून मुंबई-नागपूर-झारसुगुडा गॅसलाइन आहे ना!

संत्रा_मंडी
आहे. पण समृद्धी विदर्भात बुलडाणा, वाशिम, अमरावती, वर्धा, नागपूर एवढ्यातूनच जाते. यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीवाल्यानं काय करायचं? आणि मोर्शीपासूनही ती काही दारात नाही. तिथून पुढं पुन्हा ट्रक, पुन्हा कॅस्केड, पुन्हा "प्रेशर नाही."

कास्तकार_कायमचा
लाइन आली म्हणजे भाव उतरते, हे कोणं सांगतलं तुमाले? 2022 मध्ये नागपुरात सीएनजी 120 रुपये किलो झाला होता, पेट्रोलच्याही वर. कायले? तं गॅस एलएनजी, म्हंजे थंड करून पातळ केलेला गॅस, बनून टँकरनं येत होता अन् तिकडं युक्रेनात लढाई पेटली. देशाले लागते त्यातला निम्म्याच्या आसपास गॅस आजही बाहेरून येते. लढाई त्याहीची अन् भाडं वाढवावं आम्ही!
पाकिस्तानचं पाहा. त्याहीच्या बलुचिस्तानातल्या सुई गावात 1952 मध्ये घरचा गॅस सापडला. गाड्याच गाड्या गॅसवर केल्या, एका टायमाले जगात सगळ्यात जास्त सीएनजी गाडीवाल्या देशात त्याहीचं नाव होतं. मंग गॅस पुरेना. हिवाळा आला की घरच्या चुली पेटल्या पाहिजे म्हणून पंप बंद. आपल्याजवळ तं घरचा गॅसही धड नाई.

तणस_लाखनी
काका, घरचा गॅस वावरात आहे! आमच्या भंडारा-गोंदियाकडे हार्वेस्टर धान कापून गेला की तणस तसंच पडून राहतं, रब्बीच्या घाईत लोक काडी लावून मोकळे होतात. तेच तणस आणि शेण बंद टाकीत कुजवलं की मिथेन. तो साफ करून दाबून भरला की सीएनजीच, गाडीला फरक कळत नाही. उरलेला रबडा खत म्हणून वावरात. केंद्राची 'सतत' योजना 2018 मध्ये आली ती याचसाठी. पाच हजार प्रकल्प 2023 पर्यंत व्हायचे होते, त्याच्या जवळपासही आपण पोचलो नाही, हे मान्य. पण प्लांट तालुक्यातच झाला तर संत्राभाऊंना 38 किलोमीटर जायला नको.

पऱ्हाटीवाली
तणसाचं ठीक आहे हो, पण अर्ध्या विदर्भात कापूस आहे. दरवेळी कोणीतरी येऊन सांगतं, पऱ्हाटीपासून, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांपासून, गॅस करू. मी अ‍ॅग्रीची पदवी घेतली आणि पऱ्हाटी उपटलीही आहे, म्हणून बोलते. पऱ्हाटी म्हणजे जवळजवळ लाकूड. त्यातलं लिग्निन, म्हणजे लाकडाला कडकपणा देणारा भाग, गॅस करणाऱ्या जिवाणूंना पचत नाही. खूप बारीक करून, प्रक्रिया करून थोडंफार जमतं, पण खर्च वाढतो. सोयाबीनचं कुटार गुरांच्या तोंडातलं. तुराट्या आणि पऱ्हाटी आमच्या चुलीत. सिलिंडर संपला की धुऱ्यावरची गंजीच कामाला येते.
हे खरं की पऱ्हाटीची गंजी ठेवली तर गुलाबी बोंडअळी पुढच्या हंगामाला तयार बसते, म्हणून ती वावरातून गेली तर हवीच आहे. पण उपटायची मजुरी, बांधायची मजुरी, ट्रॅक्टरचं भाडं कोण देणार ते आधी बोला. प्लांटवाल्याला कचरा वाटतो, तो आमच्या घामानं गोळा होतो.

तणस_लाखनी
मजुरीचं पटलं. तिथंच घोडं अडतं.

पाना_बारा_तेरा
एक गंमत. 2024 मध्ये पुण्यात सीएनजीची मोटरसायकल निघाली, जगातली पहिली म्हणतात. गॅस 2 किलो आणि सोबत 2 लिटरची पेट्रोलची टाकी. बनवणाऱ्यालाही ठाऊक आहे, पंप वाटेत भेटेलच असं नाही. संत्राभाऊ, तुमच्या पिकअपलाही पाचेक लिटरची पेट्रोलची टाकी असेल, ती कोरडी ठेवू नका.

संत्रा_मंडी
आहे. परवा परतीच्या वाटेवर तिच्यावर आलो असतो तर गॅस वाचला असता, पण ती कोरडी होती, माझीच चूक. बाकी मत बदललं नाही. लाखनीवाल्यांचा प्लांट झाला तर गाडी विकणार नाही, एवढं कबूल. तोवर जो नवीन घेतोय त्यानं घरापासून पंपापर्यंतचं अंतर आधी मोजावं.
पाना भाऊ, हायवेवरच्या पंपावर उद्या कॅस्केड किती वाजता लागते, माहीत आहे का?

कास्तकार_कायमचा
सकाळी साडेपाचले लागते. मी तिथंच राहीन, नंबर धरून ठेवतो तुमचा. पोरानं गेल्या महिन्यात सीएनजीचा आटो आणला ना, मले न इचारता.