उत्तर: दोष अहिराणीचा नाही, नियमांचा
अहिराणी संवादांमुळे खानदेशातली भयकथा बाहेरच्या वाचकाला जड जाते, हा या चर्चेत मांडलेला मुद्दा अर्धाच पटतो. संवाद संदर्भाने कळतात हो. कथा कोसळते ती अमानवी शक्तीचे नियम मध्येच बदलल्यामुळे. सुरुवातीला भूत उंबरा ओलांडू शकत नाही आणि शेवटी थेट माजघरात उभं! परीक्षण लिहिताना असा प्रत्येक नियम पान क्रमांकासह टिपावा: ती शक्ती काय करू शकते, काय नाही, कुणाला दिसते. शेवटचा प्रसंग त्या टिपणाशी ताडला की लेखकाची पळवाट लगेच सापडते.

या चर्चेत अश्वत्थामा कसा आला नाही याचं नवल वाटतं. जुन्या खानदेश सुभ्यातला असीरगड आता मध्य प्रदेशात, बऱ्हाणपूर जिल्ह्यात आहे. तिथल्या शिवमंदिरात तो फुलं वाहून जातो, अशी आख्यायिका. कपाळावरचा मणी गेला, जखम भरत नाही, म्हणून तो तेल मागत फिरतो. एकाच उणिवेतून पात्राचं सगळं वागणं ठरतं, वेगळं वर्णन लागतच नाही. महाभारताच्या सौप्तिकपर्वात मात्र त्याला कृष्णाने दिलेल्या भटकण्याच्या शापाला ३००० वर्षांची मुदत आहे. लोककथेत तो अजून भटकतोच आहे. यावर बेतलेल्या कादंबरीने मुदत ठेवली की काढली, हे परीक्षणात आधी तपासावं, कारण कथानकाचा शेवट त्यावरच अवलंबून असतो.