मदत हवी आहे: जुन्या बोट ट्रेलरचे ब्रेक आणि कपलर (पुणे)

धायरीचा_नावाडी

नमस्कार मंडळी,

तीन वर्षांपूर्वी मुंबईतल्या एका ओळखीच्यांकडून सोळा फुटी फायबरची बोट घेतली, तिच्यासोबत ट्रेलर फुकटात आला. फुकट ते पौष्टिक, म्हणून तेव्हा खूश होतो. ट्रेलर इंग्लंडात बनलेला आहे. पाटीवर १९७९ एवढंच वाचता येतं. एकच अ‍ॅक्सल, जुन्या मिनी गाडीची १० इंची चाकं आणि ओव्हररन ब्रेक.

ज्यांनी हा प्रकार पाहिला नसेल त्यांच्यासाठी: या ब्रेकला गाडीतून वायर नाही की पाइप नाही. गाडी हळू झाली की ट्रेलर मागून रेटतो, कपलरचा, म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणाऱ्या तोंडाचा, दांडा आत सरकतो, त्यानं लिव्हर दाबला जातो आणि केबल ओढली जाऊन लायनर ड्रमला भिडतात. माझ्याकडे दांडा सरकतच नाही, गंजून जाम झालाय. घर ते खडकवासला, फार तर पानशेत, एवढ्यात ते कधी जाणवलं नव्हतं.

मागच्या महिन्यात दिवेआगरला न्यायची हौस आली. ताम्हिणी उतरताना बोलेरो दुसऱ्या गिअरमध्ये, आणि तरी प्रत्येक वळणावर मागून धक्का. बायको एकदाच म्हणाली, "हे आपल्याला ढकलतंय का?" त्यानंतर निजामपूर येईपर्यंत गाडीत कोणी बोललं नाही. परत आल्यावर भंगारवाल्याच्या काट्यावर चढवलं: बोट, इंजिन, ट्रेलर मिळून ११६० किलो. युरोपात ७५० किलोच्या वर ट्रेलरला ब्रेक सक्तीचा आहे, हे घरी अजून सांगितलेलं नाही.

दोन गॅरेजवाल्यांना दाखवलं. पहिला म्हणाला, "साहेब, हे सगळं काढून टाका, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसारखा हुक वेल्ड करून देतो, जन्मात तुटणार नाही." तुटणार नाही हो, पण थांबणार कसा? दुसरा म्हणतो नवा कपलर आणा, बसवून देतो, ब्रेकचं मागाहून बघू.

तर प्रश्न असा: डँपरवाला (धक्का शोषणारा) नवा कपलर या जुन्या ड्रमना चालेल, की अ‍ॅक्सलपासून सगळंच बदलायचं? चेसिस गॅल्व्हनाइज्ड आणि सरळ आहे, टाकवत नाही. सध्या मागे घ्यायचं तर आधी उतरून कपलरवरची खिट्टी पाडायची, नाहीतर रिव्हर्समध्ये ब्रेक लागतात म्हणे. माझे पुढे जातानाही लागत नाहीत, ते सोडा.

अलिबागकर

दुसऱ्या गॅरेजवाल्याचं ऐकू नका. कपलर म्हणजे नुसता हुक नव्हे. ट्रेलरनं किती रेटलं की केबल किती ओढायची, ते प्रमाण त्यात ठरलेलं असतं, आणि ते ठरावीक ब्रेक आणि ठरावीक वजन धरूनच. नवा कपलर, जुने ड्रम केलंत तर एक तर ब्रेक लागणार नाहीत किंवा चाकं लॉक होतील. नॉट किंवा अल्को कंपनीचा ब्रेकसकट अख्खा अ‍ॅक्सल आणि त्याच्याच जोडीचा कपलर घ्या. नवे ड्रम ऑटो-रिव्हर्स असतात, मागे जाताना लायनर आपोआप सैल पडतो, खिट्टीचा खेळ संपला.

ऑर्डरआधी चाकाचं पीसीडी (बोल्टच्या भोकांच्या वर्तुळाचा व्यास) बघा. मिनीचं ४ इंच, म्हणजे १०१.६ मिमी. ड्रम १०० चा आला तर दीड मिमीनं काय होतंय म्हणून ठोकून बसवू नका, चाकंही बदला.

आणि कपलर ज्यावर बसतो तो गाडीच्या मागचा बॉल मोजा, व्हर्नियर लावून.

पेठेतला_पाहुणा

ताम्हिणीत नौकानयन! फोटो टाका राव.

रिटायर्ड_फिटर

नवे ब्रेक आले तरी घाट पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्येच उतरायचा. लांब उतारावर ट्रेलर सतत रेटत असतो, म्हणजे ब्रेक सतत थोडा लागलेला. ड्रम तापले की पकड जाते.

अ‍ॅडजस्टमेंट आधी चाकापाशी, मग कपलरकडून ब्रेककडे जाणाऱ्या रॉडची. आमची पोरं उलटं करायची, रॉड आवळून मोकळी व्हायची, आणि आठवड्यात गाडी परत यायची. चाक फिरवून बघताना पुढच्याच दिशेनं फिरवा, उलटं फिरवलं तर ऑटो-रिव्हर्स सुटतो आणि माप चुकतं.

धरणावर पोचल्या पोचल्या ट्रेलर पाण्यात घालू नका. तापलेला हब एकदम गार झाला की आतली हवा आकसते, सीलमधून पाणी ओढलं जातं, मग ग्रीसची लस्सी. अर्धा तास चहा प्या.

धायरीचा_नावाडी

सगळ्यांचे आभार. बॉल मोजला. गाडीवरचा ५० मिमी. कपलर घासून पाहिला तर त्यावर २ इंच कोरलेलं, म्हणजे ५०.८. तीन वर्षं ढिल्या कपात बॉल घालून फिरतोय, आणि खडखड रस्त्यामुळे होते असं मी सगळ्यांना सांगत होतो.

अख्खा सेट मागवतोय, कपलर ५० चाच, आणि ट्रेलर सुटला तर हँडब्रेक ओढणारी केबलसुद्धा. बेअरिंग, ग्रीस नाना पेठेत बघेन. भोसरी-चाकणकडे असं काम आधी केलेला कोणी असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. बोट तोवर ताडपत्रीखाली.