मदत हवी आहे: मीटरवर 2.08 व्होल्ट दिसते, मग बल्ब काऊन लागत नाही?

राजेहो, पोट्टी बारावी सायन्सला आहे, प्रोजेक्टसाठी डॅनियल सेल (जस्त, तांबं अन् त्यांच्या द्रावणातून वीज देणारा) बनवून राह्यली आणि तिच्यासंगं मी पण अडकलो. वरुडकडे आपलं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, त्यामुळे मीटर अन् तांब्याची तार घरचीच. जस्त म्हणून टॉर्चच्या जुन्या साध्या सेलचं कवच कापून काढलं (आतली काळी भुकटी तीनदा धुतली, हात अजून काळेच), मोरचूद (कॉपर सल्फेट) संत्र्याच्या बोर्डो फवारणीतून उरलेलं होतं, झिंक सल्फेट कृषी केंद्रातून आणलं. दोन काचेचे ग्लास अन् मधात मिठाच्या पाण्यात भिजवलेली कापसाची वात, हाच आमचा सॉल्ट ब्रिज, म्हणजे दोन द्रावणं जोडणारा पूल.

पहिले तर मीटर हलेचना. मग ध्यानात आलं, तारेवरचं इनॅमलच खरडलं नव्हतं! एवढी वर्षं हाच धंदा करतो अन् तिथंच चुकलो, पोट्टी दोन दिवस हासून राह्यली. खरडल्यावर 1.04 आलं. पुस्तकाप्रमाणे तांब्याच्या 0.34 मधून जस्ताचे उणे 0.76 वजा केले की 1.10 येते, तेवढा फरक चालते म्हणा. दोन सेल सिरीजमध्ये जोडले, 2.08. पण टॉर्चचा बल्ब लावला की मीटर धाडकन शून्याजवळ, काढला की परत 2.08. क्लासचे सर म्हणले द्रावण पातळ आहे, मोरचूद वाढवा. वाढवलं, ग्लास निळाशार झाला, बल्ब ढिम्म. सोमवारी जमा करायचं आहे, काय चुकून राह्यलं?

प्रतिसाद

भाऊ, सेल बरोबर आहे, वात चुकली. मोरचूद वाढवून काही होत नाही, पोरीला नर्न्स्टचं सूत्र (द्रावण किती दाट त्यावरून व्होल्टेज काढायचं) मांडायला सांगा, तांब्याचे आयन दहापट केले तरी जेमतेम 0.03 व्होल्ट वाढते. तुमच्याच धंद्यातलं सांगतो, शेतात मोटार बंद असली की लाइन पूर्ण दाखवते अन् स्टार्टर दाबला की व्होल्टेज बसते, कारण केबल बारीक नाहीतर जॉइंट सैल. ही वात म्हणजे तुमची बारीक केबल. मीटर करंट जवळपास ओढतच नाही म्हणून त्याला 2.08 दिसते, बल्बला दोन-तीनशे मिलिअँपिअर पाहिजे, ते वातीतून कुठून येईल?

वात फेका, दर सेलला एक संक्रांतीचं मातीचं बोळकं आणा, रंग न दिलेलं, वातीचं काम त्याची झिरपणारी भिंत करते. रात्रभर पाण्यात भिजू द्या. आत जस्त अन् झिंक सल्फेट, बाहेर मोरचूद अन् तांबं, तारेऐवजी पत्रा मिळाला तर अजून बरं. बल्ब मात्र विसरा. लाल एलईडी घ्या, पावणेदोन-दोन व्होल्टवर अन् थोड्याशा करंटवर लागतो, पांढऱ्याला तीनच्या आसपास लागतात. लांब पाय तांब्याकडे.

धागाकर्ता

लागला हो! दिवसा हाताचा आडोसा करून पाहावं लागते, पण लागला. आता पोट्टीनं नवीनच काढलं: एलईडीचा लांब पाय अॅनोड, अन् सेलमध्ये तांबं कॅथोड, मग अॅनोड कॅथोडला कसा जोडला? मला सांगता नाही आलं.

प्रतिसाद

पोरगी बरोबर जागी अडली. अॅनोड म्हणजे प्लस नव्हे, ज्या टोकातून करंट वस्तूत शिरतो तो अॅनोड. एलईडीत तो लांब पायातून शिरतो. सेलच्या आत जस्तातून द्रावणात शिरतो, तिथंच ऑक्सिडेशन (जस्ताचे इलेक्ट्रॉन सुटतात), म्हणून जस्त निगेटिव्ह असूनही अॅनोड. ट्रॅक्टरची बॅटरी चार्जिंगला लावली की करंट उलटा वाहतो अन् प्लसची प्लेटच अॅनोड होते. तिला म्हणा दोन्हीकडं करंटचे बाण काढून पाहा.