मदत हवी आहे: टाईप वन डायबिटीसवाला मुलगा, रिपोर्टवर 'हाय रिस्क' आलंय, या रक्ताच्या टेस्ट कितपत धरायच्या?

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, सांभाळून घ्या. मुलगा १४ वर्षांचा, आठव्या वर्षी टाईप वन निघाला, रोज चार इंजेक्शनं. एचबीए१सी (दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) मागच्या वर्षी ७.६ होतं ते आता ८.४ (शाळेत डब्याच्या वेळी इन्सुलिन विसरतो, की मित्रांसमोर घ्यायचं टाळतो, देव जाणे). नणंद म्हणाली एकदा शिरांचं पॅकेज करून घ्या, म्हणून लॅबवाल्यांना घरी बोलावलं, रिपोर्ट त्याच्याच मोबाईलवर आला आणि त्याने माझ्याआधी वाचला. एचएस-सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारं प्रोटीन) ६.१, होमोसिस्टीन (रक्तातलं एक अमिनो आम्ल) २७, दोन्ही लाल रंगात, खाली 'हाय कार्डिओव्हॅस्क्युलर रिस्क'. जेवताना विचारतो, "आई, माझ्या शिरा आत्ताच गेल्या का गं?" तेव्हापासून न सांगता वेळेवर इन्सुलिन घेतोय, आणि मला बरं वाटायचं सोडून पोटात गोळाच येतो.

आता लॅबवाले म्हणतात आयकॅम, व्हीकॅम, ई-सिलेक्टिन ही रक्तातली प्रोटीनं मोजणारं पुढचं पॅनेल करा, त्यात शिरांच्या आतल्या अस्तराची सूज लवकर कळते. डॉक्टरांची वेळ तीन आठवड्यांनी आहे. करू का?

प्रतिसाद १:
ताई, मला २४ वर्षं झाली टाईप वनला, डॉक्टर नाही, पण हे सगळं भोगून झालंय. रक्त घेतलं तेव्हा पोराला सर्दीबिर्दी होती का? सीआरपी साध्या सर्दीनेही चढतं, आणि ३ च्या वर म्हणजे जास्त धोका हे गणित मोठ्या माणसांचं आहे. दुसरं, घरात अंडी-मटण चालतं का? नसेल तर होमोसिस्टीनचा संशय आधी बी-ट्वेल्व्हवर घ्या, ते जीवनसत्त्व कमी पडलं की होमोसिस्टीन वाढतं, शाकाहारी घरांत हे सर्रास असतं, आपल्या पुण्यात यावर बरंच काम झालंय. आयकॅम वगैरे खोटं नाही, अस्तर दुखावलं की ते रक्तात वाढतात, पण ते अजून संशोधनातच जास्त वापरतात, एकट्या मुलाचा आकडा बघून उपचार ठरत नाहीत. पैसे वाचवा.

मला सांगा, लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन (किडनीतून प्रोटीन गळतंय का ते बघणारी टेस्ट) कधी केलंय? डोळ्यांचा पडदा बाहुली मोठी करून तपासलाय? वयाच्या अकराव्या वर्षानंतर, आजाराला दोन ते पाच वर्षं झाली की हे सुरू करतात, शिवाय बीपी आणि एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल (१०० च्या खाली हवं). किडनीच्या बारीक शिरांचं पहिलं गाऱ्हाणं लघवीत दिसतं, आणि आपण मात्र सगळं रक्तात शोधत बसतो.

आणि ८.४ कडे बघा. अमेरिका-कॅनडात १९८३ ते १९९३ टाईप वनच्या १४४१ जणांवर मोठा अभ्यास झाला, सगळे १३ ते ३९ वयाचे. साखर कडक सांभाळलेल्यांत, नेहमीचे उपचार घेणाऱ्या दुसऱ्या गटापेक्षा, डोळ्यांचा त्रास सुरू होण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी झालं. पुढे दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली तरी आधी सांभाळल्याचा फायदा वर्षानुवर्षं टिकला.

प्रतिसाद २:
लॅबमध्येच काम करते म्हणून एक भर. लघवी सकाळी उठल्याउठल्या पहिली द्या, आदल्या दिवशी फुटबॉल, ताप काही नको, त्यानेही अल्ब्युमिन वाढतं. ३० च्या वर आलं तरी रडत बसू नका, तीनपैकी दोनदा आलं तरच धरतात. हिमोग्लोबिनही बघा, लोह कमी असेल तर एचबीए१सी उगाच जास्त दिसू शकतं.

धागाकर्ती:
सर्दी होती हो! नाक गळत असतानाच रक्त दिलं होतं, कुणी विचारलंसुद्धा नाही. आणि आम्ही पक्के शाकाहारी. पुढचं पॅनेल रद्द.

धागाकर्ती (दहा दिवसांनी):
रविवारी मॅच होती म्हणून बुधवारी सकाळी लघवीचा नमुना दिला, १४ आलं. हिमोग्लोबिन ठीक. बी-ट्वेल्व्ह १३८, कमीच आहे. डोळ्यांची वेळ शनिवारी मिळालीये. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं की गोळ्या ते डॉक्टर ठरवतील, पण पोराने ऐकल्याऐकल्या कपाळाला हात लावला, "अजून एक सुई?"