टर्मिनलवरची रोजनिशी आणि नळाच्या पाण्याचा रिमाइंडर, सल्ला हवाय

पोहे_शेव_इंदूर: मंडळी, पायथनमध्ये छोटीशी रोजनिशी बनवतोय, नुसती टर्मिनलवरची, म्हणजे कमांड टाईप करायच्या खिडकीतली. 'नोंद आज मावशी आली' असं टाईप केलं की वेळेसकट ओळ फाईलमध्ये जाते, एवढं जमलंय. अडलंय रिमाइंडरपाशी. आमच्या गल्लीत नर्मदेचं पाणी एक दिवसाआड, मोटर लावायची राहिली की आईचं दिवसभर ऐकावं लागतं, म्हणून क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं टूल) तारखेच्या जागी */2 टाकलं, महिनाभर मस्त चाललं आणि 31 जुलैला वाजलं तसं 1 ऑगस्टला पण वाजलं, तिथून सगळं उलटं, टाकी कोरडी. लॅपटॉप बंद असला तर वाजतच नाही ते वेगळंच. डेटाबेस घालू का? की तयार काही आहे?

सराफ्यातला_उल्लू: डेटाबेस कशाला भिया, रोजची एक साधी टेक्स्ट फाईल ठेव, नाव 2025-08-01 असं, आपोआप क्रमाने लागतात आणि ग्रेप कमांडने आतला मजकूर शोधता येतो. आणि */2 म्हणजे एक दिवसाआड नव्हेच. तो 1, 3, 5 करत 31 पर्यंत जातो आणि नव्या महिन्यात परत 1 पासून. तयार हवं असेल तर रिमाइंड नावाचं जुनं टूल आहे, सुरुवातीची तारीख देऊन पुढे *2 लिहिलं की महिना बदलला तरी मोजणी तुटत नाही.

जुनी_इंदूरकर: पण पाण्याचा वारच बदलला तर? पाइपलाइन फुटली की आमच्याकडे हमखास बदलतो. मी तर 'झालं मोटर' अशी कमांड ठेवीन, ती तारीख लिहून ठेवेल आणि पुढची आठवण तिथून दोन दिवसांनी. आणि वाजवायच्या भानगडीत पडूच नकोस, क्रॉनमधून स्क्रीनवर नोटिफिकेशन आणायला माझा अख्खा रविवार गेला होता, कारण क्रॉनला तुझा डेस्कटॉप कुठला तेच माहीत नसतं. बॅशआरसीत, म्हणजे टर्मिनल उघडताना आपोआप चालणाऱ्या फाईलीत, एक ओळ टाक, टर्मिनल उघडलं की राहिलेलं सगळं वर दिसेल, रात्रभर लॅपटॉप बंद होता तरी.

पोहे_शेव_इंदूर: हे भारी आहे ताई, आजच करतो. पण ज्या दिवशी पाणी आलंच नाही त्या दिवशी?

जुनी_इंदूरकर: मग 'झालं' टाकू नकोस ना, उद्या परत विचारेल. आणि टर्मिनल सकाळी उघडतोस ना? दुपारी उठणारा असशील तर आईच बरी.