ऑटिझमची तपासणी: नेमकं काय होतं तिथे? आपापले अनुभव लिहा

माझ्या भाचीच्या अडीच वर्षांच्या मुलाला पुढच्या आठवड्यात तपासणीला न्यायचंय, पोरीची झोप उडालीय. ज्यांनी केलंय त्यांनी आठवेल तसं लिहा, मोडकंतोडकं चालेल.

*

देवगड. ताई, रक्त तपासून नाहीतर स्कॅन करून ऑटिझम कळत नाही, हे आधी तिला सांगा. आमच्याकडे आधी कानांची बेरा झाली, म्हणजे नीट ऐकू येतं का त्याची तपासणी, ती मूल झोपलेलं असताना करतात म्हणून आदल्या रात्री जागवायला सांगितलेलं. मग मॅडम खाली सतरंजीवर बसल्या, साबणाचे चार फुगे उडवले आणि थांबल्या, आता हा आणखी हवे म्हणून आपल्याकडे बघतो का ते बघायला. तो बघेना. त्यांचा हात धरला आणि नेऊन बाटलीवर ठेवला. घरी डबा हवा असला की माझा हात असाच न्यायचा, मला तो लाड वाटायचा.

*

मालवण. घरचे व्हिडिओ न्या. आम्ही मुलीला मुंबईला नेली, रात्रभर गाडीत, पोचल्यावर ती नुसती मांडीत पडून. नवऱ्याच्या मोबाईलमध्ये एक व्हिडिओ होता, किनाऱ्यावर रापण ओढतायत, एवढा गोंगाट, आणि ही बाजूला बसून जाळ्याचे बोये ओळीत लावतेय, एक हलवला तर आकांत. डॉक्टरांनी तो तीनदा बघितला. आणि नाव सांग, नमस्कार कर असं घोकवून नेऊ नका हां, परीक्षा नाहीये ती.

*

रत्नागिरीजवळ. एका डॉक्टरांनी "मुलगे उशिराच बोलतात" म्हणून परत पाठवलं, त्यात आमचं वर्ष गेलं, अजून राग येतो. शेवटी अंगणवाडीत आरबीएसकेची, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारी सरकारी टीम आली, त्यांनी चिठ्ठी दिली, पुढची तपासणी फुकट झाली. दिव्यांग सर्टिफिकेटसाठी इसा नावाची प्रश्नावली असते, ४० मुद्दे, प्रत्येकाला १ ते ५ गुण. ७० च्या आत ऑटिझम नाही, १०६ पर्यंत सौम्य, १५३ पर्यंत मध्यम, त्यावर तीव्र. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ऑटिझम आहे, त्यामुळे यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारी दिव्यांग ओळखपत्र, निघतं, ते काढाच.

*

चिपळूण, वय ३४, तपासणी माझी स्वतःची. मोठ्यांचीही होते. त्यात लहानपणाबद्दल खूप विचारतात म्हणून आईला आणायला सांगितलं. आई आधी नुसतं "शाळेत हुशार होती हो" एवढंच. मग गणपतीचं निघालं, आरतीला टाळ वाजायला लागले की मी कान दाबून मागच्या पडवीत पळायचे. येताना एसटीत बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तुला ओढून आणायचे गो मी आरतीला."

*

सगळ्यांचे खूप खूप आभार. भाचीला फोनवर वाचून दाखवलं, ती आता जुने व्हिडिओ शोधत बसलीय. देवगडच्या ताई, ती विचारतेय, बेराच्या आदल्या रात्री किती वाजेपर्यंत जागं ठेवलं होतंत?